पांढऱ्या दगडांची वाट

ठाणे, कार्तिक वद्य दशमी, शके १८१४

सगुणे,

आशीर्वाद द्यावा इतकी मी तुझ्याहून मोठी नाही, आणि साष्टांग नमस्कार घालावा इतकी तू थोर नाहीस. मधलं काय ते तूच समज. इकडे सगळी खुशाल आहेत. तिकडेही असणार, कारण दसऱ्यापासून तुझं पत्र नाही, आणि दुखलंखुपलं की मगच तुला आवडी आठवते हे मला पक्कं ठाऊक आहे.

असो. भांडायला लिहीत नाही, बातमी सांगायला लिहितेय. टिटवाळ्याच्या स्टेशनापासून गाडीवाटेने आत गेलं की टेकडीवर एक बंगला आहे. मुंबईच्या कुणा शेठाणीचा. ती स्वतः वर्षभर अंथरुणाला खिळून होती, तिला एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बाई, तुम्ही बायका आजारी पडता ते न चालण्याने. बरी झाल्यावर तिने तो बंगला बायकांसाठी मोकळा केला. फक्त बायकांसाठी हो! दिवेलागणीनंतर आवारात पुरुष नको. चार जणींच्या खाली अर्ज घेत नाहीत. आपलं आपण शिजवायचं आणि रोज फिरायला जायचं, हा तिथला नियमच आहे. टेकड्यांवर वाट चुकू नये म्हणून वाटेच्या कडेला चुन्याने रंगवलेले पांढरे दगड मांडलेत म्हणे. ते धरून जायचं आणि ते धरून परत यायचं. गावातले लोक त्याला बाईलोकांचा बंगला म्हणतात आणि हसतात.

हे ऐकलं आणि मला पहिली तूच आठवलीस. तुझ्या अण्णांनी दोघींना एका पाटीवर मुळाक्षरं शिकवली, आणि पाटी पुसली की तू मला ओढत मासुंदा तलावाच्या काठाने फेरी मारायला न्यायचीस. तू पुढे, मी मागे धापा टाकत. एकदा पाय दुखेपर्यंत चालू, असं म्हणायचीस. पाय दुखायच्या आत तुझं लग्न झालं आणि तू कल्याणला गेलीस. मी ठाण्याचीच ठाण्यात राहिले, नुसती आळी बदलली.

इकडे विचारून झालं. सासूबाईंना टिटवाळ्याच्या गणपतीचं दर्शन असं सांगितलंय, ते खोटंही नाही. सोबतीला आमच्या आत्याबाई येतील, म्हणजे ह्यांच्या विधवा आत्या. सोवळ्याच्या कडक, पण झोपाळू. त्यांचा आपल्याला त्रास नाही. तू, मी, आत्याबाई आणि चौथ्या समोरच्या लेल्यांच्या काकू. माघात जाऊ, थंडी असेल. मामंजींना विचार आणि लगेच कळव.

तुझी,
आवडी

(सासरी सगळे उमाबाई म्हणतात. आवडी म्हणणारी जगात तू एकटी उरलीस, तेव्हा जरा जपून ठेव मला.)

ठाणे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

सगुणे,

पत्र पोचलं. तू येतेस हे वाचून मी सासूबाईंच्या देखत हसले आणि बोलणी खाल्ली.

पण पुढचं वाचून हसू गेलं. लेल्यांच्या काकू नकोत, त्यांचे गुडघे दुखतात, त्यांच्याऐवजी तुझ्या शेजारी राहायला आलेली मंदाकिनी घेऊ, असं तू लिहितेस. कोण ही मंदाकिनी? तू सांगितलंस ते सगळं नीट वाचलं. नवरा शाळेत मास्तर, मुंबईहून बदलून आलेले. ती स्वतः मुंबईच्या शाळेत शिकलेली. वर्तमानपत्र मोठ्याने वाचते. बूट आणि मोजे घालते. तुझ्याबरोबर पहाटे काळ्या तलावाच्या काठाने चालायला येते. सगळं आवडलं. एका पत्रात तिचं नाव किती वेळा आलं ते मी मोजायला घेतलं आणि सोडून दिलं, पोळी करपत होती.

मी नाही म्हणत नाही. चौथी कुणीतरी हवीच. पण ओळख ना देख, आणि एकदम चार दिवस एका छपराखाली! माणूस कसं आहे हे जेवल्याशिवाय आणि झोपल्याशिवाय कळत नाही गं. लेल्यांच्या काकूंचे गुडघे दुखतात हे खरं, पण त्या पापड उत्तम लाटतात. तू विचार कर.

तुझ्यासाठी आणि माझ्यासाठी खोपटच्या नाथाकडे वहाणा करायला टाकल्यात. माप माझंच दिलं, आपले पाय सारखे आहेत. निदान पूर्वी होते.

आवडी

ठाणे, मार्गशीर्ष वद्य षष्ठी

सगुणे,

परवा तुझ्या नणंदेच्या लग्नाला आले होते ते तू पाहिलंसच. पाहिलंस म्हणजे अक्षता देताना पाहिलंस. नंतर कुठे होतीस? मी तुला शोधत माडीवर आले तर तुझ्या झोपाळ्यावर ती बसलेली. पाय खाली सोडून, अगदी घरच्यासारखी. तू जमिनीवर बसून मटार सोलत होतीस, ती काहीतरी वाचून दाखवत होती आणि तू तोंडाला पदर लावून हसत होतीस. मला बघून ती उठली, "या ना वहिनी" म्हणाली. तुझ्या घरात ती मला या म्हणाली, हे ध्यानात घे.

आणि मग म्हणाली, "सगू, ह्यांना पाणी दे."

सगू. तुला सगू कुणी म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. तुझ्या आईनेसुद्धा नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण लग्नघर होतं, पाहुणे होते, मी पाणी प्यायले आणि गूळही खाल्ला.

दिसायला बरी आहे. आवाज चांगला आहे. गर्विष्ठ नाही, हे मला सगळ्यात जास्त खुपलं. असती तर दोन शब्द बोलता आले असते.

लेल्यांच्या काकूंना मी विचारलं, त्यांना त्यांच्या मुलाने नको म्हटलं. तेव्हा तुझी मंदाकिनीच येऊ दे. झालं ना तुझ्या मनासारखं? आता मुद्द्याचं. शेठाणीला दिवस कळवायचे आहेत. मी रथसप्तमीनंतरचे धरत होते, पण चौघींच्या सोयीचे बघायला हवेत. आत्याबाईंचा प्रश्न नाही, माझे दिवस पौर्णिमेच्या पुढचे, तुझे एकादशीच्या आसपास, ते मला मुलीपणापासून ठाऊक आहेत. मंदाकिनीचे तेवढे विचारून कळव. कुणी अडचणीची असली की सोवळ्यात घोटाळा होतो, आत्याबाई घर डोक्यावर घेतील. पाकिटात लिही, कार्डावर नको. तुझे मामंजी कार्डं वाचतात.

आवडी

ठाणे, पौष शुद्ध तृतीया

सगुणे,

कळवलंस, बरं झालं. शुद्ध पक्ष लागला की दोन-तीन दिवसांत तिला दूर बसावं लागतं, असं ना? लक्षात ठेवलं.

आता ऐक. रथसप्तमीनंतरचे दिवस राहिले बाजूला. सासूबाईंनी गणपतीचं दर्शन म्हणून पाठवायचं कबूल केलंय, मग दर्शन माघी चतुर्थीलाच घ्यायला हवं, नाही का? गणपतीचा जन्मदिवस! ती तिथी सोडून इतर दिवशी गेलो तर लोक म्हणतील, ह्या हवा खायला गेल्या होत्या. आत्याबाईंनाही चतुर्थीच पसंत. मी शेठाणीला अर्ज पाठवूनसुद्धा दिला, माघ शुद्ध द्वितीयेपासून षष्ठीपर्यंत. उत्तरही आलं, दिवस मिळाले.

हे दिवस नेमके मंदाकिनीच्या अडचणीचे, हे मला अर्ज टाकल्यावर सुचलं. फार वाईट वाटलं. पण देवाची तिथी आपल्या हातात असते का? तिला म्हणावं, पुढच्या वेळी नक्की. चौथ्या जागी मी लेल्यांच्या काकूंच्या मुलाला पुन्हा विचारीन, किंवा त्यांच्या सुनेला नेऊ. पाहू.

आपण दोघी असलो की झालं. मी सगळं मनात मांडून ठेवलंय. आत्याबाई आणि चौथी जी कोण असेल ती, दोघी जातील फिरायला, नियम आहे म्हणून. आपण दोघी सोवळं नेसून चुलीशी बसू. तू भाकऱ्या थाप, मी भाजते. तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात बसायचो तशा. चार दिवस कुणी हाक मारणारं नाही, सासू नाही, मूल नाही. पोट भरून बोलू.

तिळाचे लाडू मी करते. तू फक्त ये.

आवडी

ठाणे, पौष वद्य द्वादशी

सगुणे,

संक्रांतीचं वाण पोचलं. तिळगूळ घे, गोड बोल, असं तूच लिहिलंस, म्हणून मी दोन दिवस थांबून आज लिहितेय. परवाच लिहिलं असतं तर गोड निघालं नसतं.

ती येतेय. अडचणीचे दिवस असूनही येतेय! मी मनातल्या मनात म्हणत होते, सुंठीवाचून खोकला गेला. तर म्हणे, "मी देवळात येणार नाही, स्वयंपाकघरात पाऊल ठेवणार नाही, परसातल्या खोलीत राहीन. टेकडीला कुठे विटाळ होतो?" हे तिचं बोलणं तू एवढं कौतुकाने उतरवून काढलंस, की मला शाईचासुद्धा राग आला.

खरंच आहे बाई. टेकडीला विटाळ होत नाही. पण माणसाला थोडी लाज असावी. आमच्या घरी मी त्या दिवसांत गोठ्याशेजारच्या खोलीत तोंड लपवून बसते, आणि ही बूट घालून आगगाडीने हिंडायला निघाली!

बरं, येऊ दे. चौघींचा नियम पुरा होतो, लेल्यांच्या सुनेचे पाय धरायला नकोत. परसात वेगळी खोली आहे हे मीही शेठाणीच्या पत्रात वाचलंय. कांबळं, तांब्या, ताट तिचं तिने आणावं. मी वरून वाढीन, उपाशी ठेवणार नाही. आत्याबाईंना मी अजून सांगितलं नाही, टिटवाळ्याला उतरल्यावर सांगते. तिथून काही त्या परत जाणार नाहीत.

तू माझ्या खोलीत. दोन खाटा जवळ लावून घेऊ.

आवडी

टिटवाळे, बंगला, माघ शुद्ध तृतीया

सगुणे,

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून लिहितेय. तू इथून दिसतेस. परसातल्या खोलीच्या ओट्यावर बसली आहेस आणि बुटांतली माती झटकते आहेस. एवढ्या जवळून कुणी कुणाला पत्र लिहिलं असेल का? हाक मारली तर ऐकू जाईल. पण हाक मारली तर ती पण ऐकेल, आणि आत्याबाई जाग्या होतील. तुळसा हे पत्र तुझ्यापुढे दगडावर ठेवील. तुळसा म्हणजे बंगला राखणारी. तिला आपला हा सगळा प्रकार बघून फार मजा वाटतेय.

काल काय केलंस ते मी तुलाच सांगते, कारण तुला वाटत असेल की मला नीट दिसलं नाही. मला नीट दिसलं.

स्टेशनावर तुम्ही दोघी कल्याणहून एकाच डब्यातून उतरलात. आगगाडीत कुणाचा कुणाला विटाळ नसतो, ते जाऊ दे. बैलगाडीत आत्याबाई, मी आणि तू. मंदाकिनी छत्री घेऊन मागून चालत. गाव संपल्यावर तू म्हणालीस, पाय आखडले, आणि उतरलीस. मी म्हटलं उतरू दे, गाडीत धक्के बसतात. मागे वळून बघते तर तुम्ही दोघी हातभर अंतर ठेवून चालताय. अंतर होतं, एवढ्यावर मी समाधान मानलं.

बंगल्यावर आलो. मी तुझी वळकटी माझ्या खाटेशेजारी टाकली. नाथाने केलेल्या दोघींच्या नव्या वहाणा बोचक्यातून काढून दाराशी जोडीने ठेवल्या. अंगणात येऊन तुला म्हटलं, सगुणे, पाय धू आणि आत ये, चहाचं आधण ठेवते. तू आली नाहीस. मंदाकिनी परसाकडे निघाली होती. तू माझ्याकडे बघितलंस. बघत बघतच दोन पावलं मागे गेलीस आणि तिचा हात धरलास. चांगला मनगटाशी धरलास.

"आता मीही बाहेरची," म्हणालीस.

मंदाकिनीच घाबरली. हात सोडवायला लागली, तुला म्हणाली, अगं, वेडी आहेस का. तू सोडला नाहीस. मी तिथल्या तिथे तुला सांगितलं, एवढं काही नाही, डोक्यावरून आंघोळ केलीस की झालं, पाणी ठेवते. आणि मी ठेवलं. विहिरीवरून मी स्वतः ओढलं, इथे दुसऱ्याच्या हातचं आत्याबाईंना चालत नाही. चांगलं कडकडीत तापवलं. न्हाणीच्या दाराशी घंगाळ ठेवलं, तुझं लुगडं वर टाकलं. ते गार झालं. संध्याकाळी पुन्हा तापवलं. तेही गार झालं.

आज पहाटे तुम्ही दोघी पांढरे दगड धरून गेलात ते उन्हं वर आल्यावर परत. मी ऊन आमटी वाढायला बाहेर आले, पत्रावळीवर वरून वाढली, दोघींना सारखी. तू मान वर केली नाहीस. तुळसा म्हणाली, "बाय गो, त्या दोगी पार वरती जाऊन आल्या. हासतान नुसत्या."

तुझ्या पायात तिचे जुने बूट आहेत. वहाणा दाराशीच आहेत.

पाणी पुन्हा ठेवलंय. उद्या चतुर्थी. आंघोळ केलीस तर दर्शनाला येता येईल. मी वाट बघते.

आवडी

टिटवाळे, बंगला, माघ शुद्ध पंचमी

सगुणे,

दर्शन झालं. मी आणि आत्याबाई. गर्दी होती, जास्वंदीचा हार मिळाला नाही, दूर्वा वाहिल्या. देवापुढे मी काय मागितलं ते सांगितलं तर तू पुन्हा कधी बोलणार नाहीस, म्हणून सांगत नाही. तिचं वाईट चिंतलं नाही एवढं लिहिते. अगदी तोंडाशी आलं होतं, पण गणपतीचा वाढदिवस होता.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं झालंय माझं. फिरायला तुम्ही आणि चुलीशी मी. धूर माझ्या डोळ्यांत. आत्याबाई जेवल्या की झोपतात, झोपल्या की घोरतात, उठल्या की विचारतात, सगुणा कुठे आहे गं? मी म्हणते, बाहेरची झालीय. त्या म्हणतात, पोरीला आजच व्हायचं होतं का. त्यांना खरं माहीत नाही. मी सांगितलं नाही. तुझं नाव मी अजून सांभाळतेय बघ.

काल तुम्ही परत आलात तेव्हा तुझी बोटं काट्यांनी ओरखडली होती आणि पदरात बोरं होती. ओंजळभर बोरं तू अंगणातल्या त्या सपाट दगडावर माझ्यासाठी ठेवलीस आणि मागे सरलीस. मी बघितलं. पिकलेली होती, लाल. लहानपणी तू झाड हलवायचीस आणि मी वेचायची. पण ती तिने काढलेली की तू काढलेली, हे मला कसं कळणार? मी उचलली नाहीत. दुपारी तुळसाने मला विचारून नेली.

संध्याकाळी मंदाकिनी माझ्याशी बोलली, तेही तू ऐकलंस. अंगणाच्या पलीकडच्या कडेला उभी राहून म्हणाली, "वहिनी, उद्या तुम्हीही चला ना. वरून माहुलीचा किल्ला दिसतो, काळू नदी दिसते. मी मागे राहीन, तुम्हाला शिवणार नाही." मी म्हटलं, मग स्वयंपाक कोण करील? ती म्हणाली, "एक दिवस पोहे खाऊ."

आणि आत्याबाई, ज्या झोपल्या होत्या असं मी समजत होते, त्या आतून ओरडल्या, "जा की उमे! माझं मी भिजवून खाते. मी काय तुला बांधून ठेवलंय?"

मला कुणी बांधून ठेवलेलं नाही, हे तिघींच्या देखत कळलं. मी म्हटलं, मला हौस नाही, आणि आत जाऊन विस्तवावर उगीच फुंकर घालत बसले. डोळ्यांत धूर गेला असेल तर तो फुंकरीचा.

रात्री तुमच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला नाही. मी कान देऊन होते. हसला असतात तर बरं वाटलं असतं, चांगला राग तरी धरता आला असता.

उद्या तिची न्हायची वेळ. तूही न्हाशील. पाणी मी दोघींचं तापवीन. हे पत्र तुला देऊ की नको ठरत नाही. देतेच.

आवडी

ठाणे, माघ वद्य प्रतिपदा

सगुणे,

तुझं पत्र मिळालं. एकच ओळ आणि खाली सही. "आवडे, चतुर्थी तू मुद्दाम धरलीस का?"

हो.

अर्ज टाकल्यावर सुचलं असं लिहिलं होतं, ते खोटं. आधी सुचलं, मग अर्ज टाकला. सासूबाईंनी तिथीचं नावही काढलं नव्हतं. आत्याबाईंना तर चतुर्थी आणि चतुर्दशी सारखीच. ती घरी राहावी, तू माझ्याबरोबर यावीस, एवढं मला हवं होतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन असं म्हणायला तोंड शिवशिवतंय, पण एकदा केलं त्याने माझंच नाक कापलं गेलं, तेव्हा गप्प बसते.

तुला हे केव्हा कळलं, ते मी आता ओळखलंय. अंगणात कळलं नाही. माझं पौषातलं पत्र वाचलंस तेव्हाच कळलं. कळूनही तू काही लिहिलं नाहीस, तिळगूळ पाठवलास, वळकटी बांधलीस, आलीस, आणि मग माझ्या तोंडावर बघत तिचा हात धरलास. शिकलीस हो कल्याणला जाऊन. रागावली असतीस, दोन शब्द बोलली असतीस, तर मी चार बोलले असते आणि संपलं असतं. हात धरलास तो मला अजून दिसतो. ताटाकडे बघितलं तरी दिसतो.

परतीच्या गाडीत तू माझ्याशेजारी बसलीस. न्हालेली, ओले केस. कल्याणपर्यंत पदराने केस पुसत राहिलीस. उतरताना म्हणालीस, "मला चालायचं होतं गं." तेवढंच. गाडी सुटली आणि मी खिडकीशी तशीच. आत्याबाई म्हणाल्या, तोंड मीट, कोळसा जाईल.

घरी येऊन मी माझीच पत्रं आठवत बसले. पहिल्यात मी लिहिलं होतं, एकदा पाय दुखेपर्यंत चालू, असं तू म्हणायचीस. मीच लिहिलं होतं! आणि तुला चालायच्या गावी नेऊन मी चुलीशी बसवायला निघाले होते. तू भाकऱ्या थाप, मी भाजते, म्हणे. भाकऱ्या तू कल्याणलाही थापतेसच की. मला तुझ्याबरोबर बसायचं होतं, तुला माझ्याबरोबर चालायचं होतं. ती आली नसती तरी हे असंच झालं असतं, फक्त तू आतल्या आत कुढत भाकऱ्या थापल्या असत्यास आणि मी खूश झाले असते.

म्हणून ती मला आवडायला लागली असं मात्र समजू नकोस. सगू म्हणते ते मला अजून सहन होत नाही.

आता माझं म्हणणं. शेठाणीला मी दुसरा अर्ज पाठवलाय. होळी झाल्यावर, फाल्गुन वद्य द्वितीयेपासून. ऊन होईल, पहाटे निघावं लागेल, पण तुळसा म्हणाली होती की तेव्हा वरच्या टेकडीवर पळस फुललेला असतो. आत्याबाई पुन्हा यायला तयार आहेत, त्यांना तिथे झोप छान लागते. मंदाकिनीलाही विचार. चौघी हव्यातच, आणि तिचे दिवस तेव्हा मोकळे आहेत, मी बघून घेतलंय. ती सोवळ्यात आली म्हणजे स्वयंपाकघर तिच्याकडे. स्वयंपाक येत नसेल तर आत्याबाई शिकवतील. पोहे तिला करता येतातच.

अडचणीची या वेळी मी आहे. पौर्णिमेच्या पुढचे माझे, तुला ठाऊकच आहेत. दिवस मी माझेच बघून धरलेत. परसातल्या खोलीत मी राहीन. सासूबाई म्हणतील, अशा दिवसांत कुठे निघालीस? मी सांगणार, टेकडीला विटाळ होत नाही. वाक्य कुणाचं ते सांगणार नाही.

दोन्ही वहाणांना तेल लावून ठेवलंय. तुझ्या अजून कोऱ्या आहेत, चावतील, म्हणून रोज थोडा वेळ मी त्या घरात घालून फिरते.

मी तुझ्याएवढी भरभर चालत नाही, मागे राहीन. पण तो प्रश्न नंतरचा. आधीचा विचारते. आपण पोचू, तू अंगणात उभी असशील. एका अंगाला ती, सोवळ्यातली, चहा ठेवते म्हणणारी. दुसऱ्या अंगाला परसाकडे निघालेली मी. मी मागे वळून बघणार नाही, हात पुढे करणार नाही, हाकही मारणार नाही. तेव्हा तू येऊन माझा हात धरशील का, एवढंच कळव. कार्डावर लिहिलंस तरी चालेल. मामंजींनी वाचलं तर वाचू दे.

आवडी